रेशीमकिड्याची मादी अदलाबदल का करत नाही?

प्रश्न : आम्ही जालना जिल्ह्यात तुती लावून रेशीमकिडे पाळतो. बीएस्सीला असलेली मुलगी म्हणते, या पतंगाच्या मादीत क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे जोडीतल्या गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल, होतच नाही, नरात होतं. मग मादीत गुणसूत्रांच्या जोड्या जुळतात कशा? आणि सगळ्या अळ्या एकसारख्या का नसतात?

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. जपानचे जनुकशास्त्रज्ञ योशिमारो तानाकांनी १९१४च्या सुमारास हे दाखवून दिलं होतं. जोड्या दोघांतही जुळतात, खरी गंमत पुढे आहे.

नरात गुणसूत्रं शेजारी येतात, मधे प्रथिनांची शिडीसारखी चौकट बसते आणि तुकड्यांची अदलाबदल होते. नंतर चौकट विरघळते, पण अदलाबदल झालेल्या जागी दोघं अडकून राहतात आणि शुक्राणू-अंडी तयार करणाऱ्या विभाजनापर्यंत (मायोसिस) तेवढं पुरतं. मादीत अशी गाठच पडत नाही. म्हणून तिची चौकट मोडत नाही, उलट जाड होऊन जोडीला धरून ठेवते. अंडं बाहेर पडेपर्यंत विभाजन याच टप्प्यावर थांबलेलं असतं. अंडं घातलं गेलं की गुणसूत्रं दोन टोकांना सरकतात आणि चौकटीचा गाळ मधोमध पडून राहतो. अंड्याचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की तो पट्टा दिसतो. मला विचाराल तर मायोसिसमधलं हे सगळ्यात देखणं दृश्य, पण आपल्या पुस्तकांत मान मिळतो तो फळमाशीच्या नराला. त्याच्यात अदलाबदलही नाही आणि चौकटही नाही!

अळ्यांचं उत्तर सोपं आहे. २८ जोड्यांतलं कुठलं गुणसूत्र अंड्यात जाणार, हे प्रत्येक जोडीचं स्वतंत्र ठरतं. नुसत्या तेवढ्यानेच २६ कोटी ८४ लाखांवर प्रकार होतात. शिवाय बापाकडची सरमिसळ वेगळीच.

या बंद अदलाबदलीचा फायदाही झाला आहे. लिंग ठरवणारी गुणसूत्रं दोन, झेड आणि डब्ल्यू : मादी झेड-डब्ल्यू, नर झेड-झेड. डब्ल्यू आईकडून फक्त लेकीला मिळतो. यातारो ताजिमांनी १९४०च्या दशकात क्ष-किरणांच्या मदतीने अळीच्या अंगावरच्या नक्षीचं जनुक डब्ल्यूला चिकटवलेले वाण तयार केले. मादीत अदलाबदल नसल्याने ते पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतं. नक्षीवाली मादी, पांढरा नर! संकरित अंडीपुंज तयार करताना भावा-बहिणींचं मीलन टाळायचं असतं, तेव्हा अळीच्या वयातच निवड उरकते. नाहीतर कोष कापून आतल्या एकेका कोशिताच्या (अळी आणि पतंग यांच्या मधल्या अवस्थेच्या) पोटावरची खूण पाहत बसावं लागतं.