स्क्रीन रीडर नाकारला, आणि वर ‘लेखन सुमार’ म्हणून नोटीस

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते. अंधेरीतल्या एका खासगी कंपनीत नऊ वर्षं नोकरीला आहे. कंपनीत तीनशेच्या आसपास माणसं आहेत. विम्याच्या दाव्यांबाबत ग्राहकांना इंग्रजीत आणि मराठीत पत्रं लिहिणं हे माझं काम. रेटिनायटिस पिगमेंटोसामुळे नजर कमी होत गेली. आता स्क्रीन दिसत नाही, म्हणून एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर वापरते. दिव्यांगत्वाचा दाखला जुना, ४० टक्क्यांचा आहे. यंदा कंपनीने सगळं काम रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे आपल्या पडद्यावर उघडणाऱ्या सर्व्हरवरच्या कॉम्प्युटरवर नेलं आणि तिथे एनव्हीडीए मुकाच झाला. मी माझ्या कॉम्प्युटरवर वर्डमध्ये पत्र लिहिते आणि शेजारची सहकारी ते तिकडे चिकटवते. आयटी विभाग म्हणतो, फुकटचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर टाकता येणार नाही, हवं तर जॉज हा विकतचा स्क्रीन रीडर स्वतःच्या पैशाने घ्या. आता ‘लेखी संवाद सुमार’ म्हणून ६० दिवसांचा पीआयपी (कामगिरी सुधारण्यासाठी मुदत देणारा कागद) हातात दिला आहे, सोबत चुकांची यादी. एचआर तोंडी सांगतं की राजीनामा द्या, अनुभवपत्र चांगलं देऊ. दिव्यांगांचा कायदा खासगी कंपनीला लागू नाही, असंही एचआर म्हणतं. मी काय करावं?

उत्तर : आधी राजीनाम्याचं. तो देऊ नका. काढून टाकलेल्या माणसाला कोर्टात उभं राहायला जागा असते. स्वतःच्या सहीने बाहेर पडलेल्याला आधी ती सही दबावाखाली झाली हे सिद्ध करावं लागतं आणि त्यातच वर्षं जातात. पीआयपीच्या कागदावर सही मागत असतील तर सहीच्या वर ‘प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही’ असं लिहा, तारीख घाला आणि मगच सही करा. सही साफ नाकारण्यापेक्षा हे बरं. नाकारली की ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा फुकट मिळतो.

‘खासगी कंपनीला कायदा लागू नाही’ हे एचआरचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते घातक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातलं कलम २० नोकरीतल्या भेदभावाबद्दल आहे. बढती नाकारू नये, नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढू नये, तेवढ्याच पगारावर दुसऱ्या पदावर घ्यावं, हे सगळं त्या कलमात येतं. पण त्याचे शब्द ‘सरकारी आस्थापना’ असे आहेत. त्यामुळे बँकेतल्या किंवा महापालिकेतल्या ओळखीच्या माणसाने ‘कलम २० टाका’ असा सल्ला दिला तर तो कंपनीला पाठवायच्या मागणीच्या पत्रात घालू नका. समोरचा वकील पहिला घाव तिथेच घालेल आणि बाकीचं पत्रही कच्चं वाटायला लागेल.

तुमचा पाया कलम २ आणि कलम ३ वर आहे. कलम २(एच) मधली भेदभावाची व्याख्या वाजवी सोयीसुविधा नाकारण्यालाही भेदभावच म्हणते. कलम ३(३) प्रमाणे दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही. अपवाद एकच : ती कृती एखादा रास्त हेतू साधण्याचा प्रमाणशीर मार्ग आहे, असं दाखवता आलं तर. केंद्राच्या २०१७ च्या नियमांतला नियम ३ याची जबाबदारी थेट आस्थापनेच्या प्रमुखावर टाकतो. तक्रार आली तर त्याने कायद्याप्रमाणे कारवाई करायची, नाहीतर आपली कृती प्रमाणशीर कशी आहे हे लेखी कळवायचं. ‘आस्थापना’ या शब्दात खासगी कंपनीही येते. याच नियमात तुमच्या जॉजच्या प्रश्नाचं उत्तर आहे : वाजवी सोयीसुविधेचा खर्च, पूर्ण असो वा अर्धा, दिव्यांग व्यक्तीवर लादता येत नाही. त्यामुळे स्वतःच्या खिशातून काही घेऊ नका. एकदा घेतलंत की पुढच्या अपडेटचाही खर्च तुमच्याच गळ्यात पडेल.

शिवाय कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात काय हवं हे नियम ८ मध्ये आहे. सहाय्यक उपकरणांची तरतूद आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक ही त्यातलीच. तुमच्या कंपनीत तीनशे माणसं आहेत. या धोरणाची प्रत मागा. अनेक ठिकाणी ते नसतंच किंवा कुठूनतरी उचललेलं असतं, आणि प्रत मागितली की सूर बदलतो.

दाखल्याचं म्हणाल तर ४० टक्क्यांचा आकडा आरक्षणासारख्या लाभांसाठी लागतो, वाजवी सोयीसाठी नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्यात उमेदवाराला हाताने लिहिताना त्रास देणारा रायटर्स क्रॅम्प होता आणि ठरावीक टक्केवारी नाही म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. तरी दिव्यांग ओळखपत्राच्या यूडीआयडी पोर्टलवर नव्याने तपासणीसाठी अर्ज आजच टाका, कारण आजची नजर कागदावर दिसलेली बरी. फक्त नवा दाखला हातात येईपर्यंत मागणीचं पत्र थांबवू नका. कंपनी ‘आधी दाखला आणा’ म्हणाली तर जुन्याची प्रत आणि नव्या अर्जाची पोच, दोन्ही जोडा.

आता खरा मुद्दा. तुम्ही ‘माझं लेखन इतकंही वाईट नाही’ या वादात शिरू नका. तिथे तुम्ही हरता, कारण यादीतल्या बहुतेक चुका खऱ्या आहेत. त्या का झाल्या हे मांडा. यादी पाठवलीत हे उत्तम केलंत, ती पाहूनच सांगतो.

मराठी पत्रांत ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका आहेत. कानाने ऐकताना हा फरक फारसा पकडता येत नाही. वर्डमध्ये मराठीचं प्रूफिंग बसवलेलं नसेल तर चुकीच्या शब्दाखाली लाल रेघच उमटत नाही, मग स्क्रीन रीडर सांगणार काय? इंग्रजीत मुद्दलाच्या जागी तत्त्व या अर्थाचा ‘प्रिन्सिपल’ गेला आहे. उच्चार एकच, स्पेलिंग वेगळं, आणि दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे साध्या स्पेलचेकच्या जाळ्यातूनही ते सुटतात. एका पत्रात अर्धा परिच्छेद वेगळ्या आकाराच्या अक्षरात आहे, तो चिकटवताना झालेला प्रकार; रिमोट डेस्कटॉपवर तो तुम्हाला तपासता आला नसता. तीन पत्रांत जुन्या साच्यातला मजकूर तसाच राहिला आहे, कारण साचा युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे. अशा फॉन्टमध्ये डोळ्यांना मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं नि चिन्हं असतात आणि एनव्हीडीए त्यांचीच बडबड करतो. दोन पत्रांत मात्र पॉलिसी क्रमांकाचा आकडा चुकला आहे. हा क्रमांक स्कॅन केलेल्या कागदावरून कोणीतरी तोंडी सांगितला असेल तर तसं लिहा. तसं नसेल तर चूक आपली म्हणून मान्य करा. दोन चुका मान्य केल्याने बाकीच्या बारांबद्दल तुमचा शब्द खरा मानला जाईल.

आणि एक स्पष्ट सांगतो : सोय मिळाली की दर्जाची अपेक्षा कंपनी ठेवू शकते. म्हणून तुमच्या बाजूचं कामही आत्तापासून पक्कं करा. पत्र पाठवण्याआधी एनव्हीडीए आणि पी दाबून विरामचिन्हांची पातळी ‘सर्व’ करा, म्हणजे सुटलेले पूर्णविराम नि स्वल्पविराम ऐकू येतील. नेहमीच्या पातळीवर ते बोललेच जात नाहीत. एनव्हीडीए आणि एफने अक्षराचा फॉन्ट नि आकार कळतो, तो प्रत्येक परिच्छेदावर एकदा पाहा. एफ-सातने वर्डची तपासणी चालवा. रक्कम, तारीख, पॉलिसी क्रमांक हे बाणाच्या कळीने एकेक अंक ऐका, सलग वाचनावर विसंबू नका. उच्चार सारखा असलेल्या इंग्रजी शब्दांची स्वतःची यादी करून पत्रात ते शब्द शोधा. हे रोज करत असल्याची नोंद ठेवा.

मागणीचं पत्र असं नेमकं हवं की आयटीच्या माणसाला फोन करून विचारावं लागू नये. ‘मला स्क्रीन रीडर द्या’ एवढ्यावर ते ‘तुमच्या कॉम्प्युटरवर आहे की’ असं उत्तर देतील, आणि ते खरंही असेल. अडचण अशी आहे की रिमोट डेस्कटॉपची खिडकी तुमच्या कॉम्प्युटरच्या लेखी एक चित्र असते. चित्रातला मजकूर इकडच्या एनव्हीडीएला मिळत नाही. म्हणून मसुदा साधारण असा ठेवा :

‘दृष्टिदोषामुळे मी स्क्रीन रीडरशिवाय संगणकावर काम करू शकत नाही. अधिनियम २०१६ च्या कलम २ आणि ३ नुसार वाजवी सोय म्हणून पुढील गोष्टी कराव्यात. एक, मला दिलेल्या रिमोट डेस्कटॉपवर एनव्हीडीए इन्स्टॉल करावा. पोर्टेबल प्रत नको, कारण ती लॉग-इनच्या आणि परवानगी मागणाऱ्या सुरक्षित पडद्यांवर चालत नाही. दोन, त्या सत्रातला आवाज माझ्या कॉम्प्युटरवर ऐकू येईल अशी ऑडिओ सेटिंग चालू करावी. तीन, विंडोज कळीचे शॉर्टकट रिमोट सत्राकडे जातील असं करावं. चार, मराठी पत्रांचे साचे युनिकोडमध्ये द्यावेत आणि वर्डमध्ये मराठी प्रूफिंग बसवावं. पाच, स्कॅन कागदांतला मजकूर वाचता येईल अशा स्वरूपात द्यावा. ही सोय होईपर्यंत पीआयपीची मुदत स्थगित ठेवावी. यातलं काही सुरक्षेच्या कारणाने शक्य नसेल तर नेमकं कारण आणि पर्याय लेखी कळवावा. समान संधी धोरणाची प्रत आणि संपर्क अधिकाऱ्याचं नाव द्यावं.’

दुसऱ्या मुद्द्याकडे दुर्लक्ष करू नका. सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवून आवाज बंद ठेवला की ‘आम्ही तर दिलं’ असं म्हणायला मोकळे.

सुरक्षेचा आक्षेप खोटा आहे असं म्हणू नका. तो रास्त हेतू असू शकतो. प्रश्न प्रमाणाचा आहे. एनव्हीडीए मुक्त स्रोताचा आहे, त्याच्या इन्स्टॉलरवर बनवणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असते, आणि ठरावीक आवृत्ती तपासून तेवढीच परवानगीच्या यादीत घालता येते. हे असताना सरसकट बंदी प्रमाणशीर कशी, ते त्यांनी सांगायचं. कायदा अवाजवी बोजा पडणारी सोय मागत नाही, पण फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचा बोजा किती दाखवणार? त्यांना जॉजच हवं असेल तर खुशाल आणावं, कंपनीच्या पैशाने. २०२५ च्या एनव्हीडीएमध्ये दूरच्या कॉम्प्युटरला जोडायची सोय आतच आहे, पण ती मधल्या एका सर्व्हरमार्फत चालते. आयटी त्याला हरकत घेईल, म्हणून मागणी त्यावर बांधू नका.

पत्र ईमेलने कंपनीच्या प्रमुखाला आणि एचआरला पाठवा, वर एक प्रत स्पीड पोस्टाने. उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. एचआरशी जे तोंडी होईल त्याचं त्याच संध्याकाळी दोन ओळींचं ईमेल टाका : ‘आज तुम्ही राजीनाम्याबद्दल असं म्हणालात, माझी तशी इच्छा नाही.’ एक सांभाळा : ग्राहकांची नावं-क्रमांक असलेली पत्रं स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवू नका. पुरावा गोळा करायला गेलात आणि ‘गोपनीय माहिती बाहेर नेली’ म्हणून निलंबन झालं, असं व्हायला नको. स्वतःचा पत्रव्यवहार, पीआयपी आणि त्याची यादी एवढं पुरे.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. साध्या कागदावर, मराठीत, तुमच्या सहीने चालेल. वर मागणीचं पत्र, पोच, दाखला, पीआयपी जोडा. केंद्रीय नियमात भेदभावाची तक्रार ६० दिवसांत निकाली काढायची आहे, त्याचा उल्लेख करा. मर्यादा माहीत असू द्या : आयुक्तांना चौकशीत साक्षीदार बोलावण्यासारखे दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार असले तरी शेवटी ते शिफारस करतात. कंपनीने ती तीन महिन्यांत अमलात आणायची किंवा न मानण्याची कारणं कळवायची. कलम ८९ चा दंड पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंतच आहे, त्याने कोणी घाबरत नाही. पण ही शिफारस पुढच्या कोर्टात फार उपयोगी पडते. काढून टाकण्याला आयुक्तांकडून आपोआप स्थगिती मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.

पत्रं लिहिण्याचं काम लेखनिकी स्वरूपाचं आहे. हाताखाली माणसं नसतील तर तुम्ही ‘कामगार’ या व्याख्येत बसता, पदनाम ‘एक्झिक्युटिव्ह’ असलं तरी. पदनाम नाही, काम बघतात. तेव्हा नेमणूकपत्र आणि रोजच्या कामाचे ईमेल जपा. बडतर्फी झाली तर महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्याखाली कामगार न्यायालयात जाता येतं आणि तिथे अंतरिम आदेशही मागता येतो. मुदत ९० दिवसांची. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, म्हणून अर्ज कोणत्या कायद्याखाली टाकायचा हे त्या वेळी वकिलाकडून पक्कं करून घ्या. खासगी कंपनीविरुद्ध थेट उच्च न्यायालयात रिट टाकण्याच्या भानगडीत सहसा पडू नका. ती बहुधा दारातच अडते.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, आणि स्त्री म्हणून तुम्ही त्याच कलमात वेगळ्याही बसता. दोन्हीसाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. जाताना पीआयपीची तारीख पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून न्या. ६० दिवस कधी संपतात हेच तिथल्या वकिलाला आधी पाहावं लागेल.