कोणतं गाईड घेऊ, असं तू विचारलंस

तुझा मेसेज परवा रात्री आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेस, गाव वणीकडचं, पुढच्या वर्षी अमेरिकेत एमएसला यायचं मनात आहे आणि त्यासाठीच्या जीआरई या प्रवेशपरीक्षेला हाताशी सहा महिने आहेत. विचारलंस एवढंच की, "दादा, जीआरईसाठी कोणतं गाईड घेऊ? नागपूरचा क्लास लावल्याशिवाय जमेल का?" आणि शेवटी जाता जाता, "तिकडे एकटं वाटतं का?" दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण 'गाईड' हा शब्द वाचला आणि दोन दिवस डोक्यातून गेला नाही. म्हणून हे लांबलं आहे, सवडीने वाच.

आय-२० (विद्यापीठ व्हिसासाठी देतं तो कागद), व्हिसाची फी, बँकेत किती रक्कम दाखवायची, हे सगळं अधिकृत साईटवर आहे आणि माझ्या आठवणीपेक्षा ताजं आहे. त्यात मी शिरत नाही. फक्त एक आधी बघ. ज्या विभागांना अर्ज करणार आहेस, त्यांना जीआरई लागते का? २०२० नंतर कितीतरी ठिकाणी ती ऐच्छिक झाली. परीक्षेची फी वीस हजारांच्या वर आहे. आपल्या घरात वीस हजार म्हणजे काय असतं, ते मला माहीत आहे.

आता माझं गाईड. २०११ च्या डिसेंबरात नागपूरला सीताबर्डीवर फुटपाथवरून घेतलं होतं, दोनशे ऐंशी रुपयांना. जाडजूड, कव्हरला चिकटपट्टी, आणि आधीच्या मालकाने निम्म्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारलेल्या. त्या रेघा बघूनच मी ते घेतलं. वाटलं, हे वाचून कोणीतरी तिकडे पोचलंय. आपल्याकडे गाईड म्हणजे काय ते तुला सांगायला नको. दहावीला 'अपेक्षित' आणायचं, प्रश्नाखाली उत्तर तयार, रट्टा मारायचा, पेपरात तेच येतं. मी याही गाईडाकडे तसंच बघितलं. मागे साडेतीन हजार शब्दांची यादी होती. ती एका टोकापासून पाठ करायला घेतली.

इंग्रजीची धास्ती होतीच. आमच्या वेळी झेडपीच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते २००० साली सुरू झालं, तोवर मी पाचवीत पोचलो होतो. पहाटे चारला उठायचो. लाईन बहुतेक नसायचीच, मग चार्जिंगचा दिवा. आई चूल पेटवताना विचारायची, "किती झाले रे आज?" मी म्हणायचो, चाळीस. ती दिवसभर वावरात बायकांना सांगायची, आमच्या पोट्ट्याचे आज चाळीस झाले.

विरुद्धार्थी शब्द ओळखा, शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखा, यातच माझे चार-पाच महिने गेले. परीक्षेला तीन आठवडे राहिले असताना पांढरकवड्याच्या नेट कॅफेत परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेचा मोफत सराव पेपर पहिल्यांदा उघडला. विरुद्धार्थी शब्द कुठेच नाहीत. जोड्या नाहीत. मला वाटलं चुकीचं काहीतरी उघडलं. ऑगस्ट २०११ पासून परीक्षाच बदलली होती. ते दोन्ही प्रकार काढून टाकले होते, गुण २०० ते ८०० ऐवजी १३० ते १७० झाले होते. मी पुस्तक विकत घेतलं, तेव्हाच ते चार महिन्यांपूर्वी बंद झालेल्या परीक्षेचं होतं. दुकानदाराला हे ठाऊक होतं की नाही, मला आजही कळलेलं नाही.

तारीख बदलायला ५० डॉलर लागत होते, तेव्हाचे अडीच हजारांच्या वर. बाबांनी तूर विकून फी दिली होती, भरायला कार्ड नागपूरच्या मावसभावाचं घेतलं होतं. पुन्हा मागायला तोंड नव्हतं. रात्रीच्या गाडीने आदिलाबादवरून हैदराबादला गेलो आणि परीक्षा दिली. गणितात १६१, इंग्रजीत १४३. प्रवेश मिळाला, शिक्षण झालं, नोकरी लागली, सगळं झालं. तरी तो १४३ आकडा कुठे बिल क्रमांकात दिसला, की मी थांबतो.

म्हणून पहिली गोष्ट: कोणाचं गाईड ते नंतर, आधी कोणत्या वर्षाचं ते बघ. सप्टेंबर २०२३ मध्ये परीक्षा पुन्हा बदलली, पावणेचार तासांची आता दोन तासांच्या आत, १ तास ५८ मिनिटांत आली. दोन निबंधांतला एक गेला. इंग्रजीचे २७ प्रश्न आणि गणिताचे २७, दोन-दोन भागांत. प्रश्नांचे प्रकार मात्र तेच राहिले. त्यामुळे २०११ ते २०२३ मधलं एखादं गाईड सीनिअरकडून फुकट मिळालं तर घे, त्यातले प्रश्न सोडव, पण त्याचं वेळापत्रक आणि पूर्ण सराव पेपर सोडून दे. २०११ च्या आधीचं कोणी देत असेल तर हात जोडून नाही म्हण.

दुसरं, विकत एकच घ्यायचं असेल तर ईटीएसचं स्वतःचं अधिकृत गाईड घे. बाकीचे प्रकाशक प्रश्न बनवतात ते नक्कल करून. गणितात ती नक्कल चालून जाते, इंग्रजीत नाही. तिथे बरोबर पर्याय आणि जवळजवळ बरोबर पर्याय यांच्यात केसाएवढा फरक ठेवलेला असतो आणि तो ईटीएसवालेच जपून ठेवतात. नक्कल केलेल्या प्रश्नांवर कान तयार केलास तर तो बिघडतो. ईटीएसचे दोन पूर्ण सराव पेपर फुकट आहेत. त्यातला एक अगदी सुरुवातीला, काही न वाचता सोडव. कमी मार्क पडतील, रडू येईल, तरी सोडव. दुसरा परीक्षेच्या दहा दिवस आधीपर्यंत उघडू नकोस.

शब्दांचं सांगतो, कारण तिथेच मी मार खाल्ला. यादी पाठ करून अर्थ येतात, शब्द येत नाहीत. 'सँक्शन' घे. आपल्याकडे हा शब्द शेतकऱ्याच्या पोरालाही माहीत, पीककर्ज सँक्शन झालं का, असं आपण रोज विचारतो. परीक्षेत तो बरोबर उलट अर्थानेही येतो, दंड किंवा निर्बंध म्हणून. 'क्वालिफाय' म्हणजे आपल्याला पास होणं. तिथे त्याचा अर्थ असतो, केलेल्या विधानाला मुरड घालणं, 'पण सगळीकडे नाही बरं' असं म्हणणं. हैदराबादच्या त्या खोलीत मला अवघड शब्दांनी पाडलं नाही. जे मला येतात असं वाटत होतं, त्यांनी पाडलं. म्हणून नवा शब्द लिहिलास की त्याच्याखाली तो जिथे भेटला ते पूर्ण वाक्य लिही. दिवसाला दहा पुरेत. तीन रिकाम्या जागांचा प्रश्न असतो त्यात तिन्ही बरोबर आल्या तरच मार्क मिळतो, दोन आल्या तर शून्य. त्यामुळे अर्धवट ओळख कामाची नाही. चुकीला मार्क कापत नाहीत, रिकामं काही सोडू नकोस.

गणित आपल्याला सोपं वाटतं आणि आपण गाफील राहतो. एक्सचा वर्ग मोठा की एक्स? आपण पटकन म्हणतो, वर्ग. एक्स अर्धा असेल तर वर्ग पाव होतो. एक्स शून्य असेल तर दोन्ही सारखे. उत्तर आहे, 'सांगता येत नाही'. हा चौथा पर्याय आपल्या शाळेत कधी नव्हताच, उत्तर असलंच पाहिजे असं आपल्याला शिकवलं. आणि पहिला भाग शांतपणे कर, कारण तो कसा गेला त्यावर दुसरा सोपा येणार की अवघड ते ठरतं.

क्लास नको असं मी म्हणत नाही. पण नागपूरला खोली करून राहण्याचा खर्च धरलास तर तेवढ्यात परीक्षा दोनदा होते. गाईडापेक्षा वही मोठी, एवढं धर. जो प्रश्न चुकला तो वहीत उतरवायचा आणि खाली आपल्या मराठीत लिहायचं, का चुकला. 'शब्द माहीत नव्हता', 'घाई केली', 'प्रश्न नीट वाचलाच नाही'. शेवटच्या तीन आठवड्यांत मी हेच केलं आणि जे १४३ आले तेही त्या वहीमुळेच. ते पाच महिने मी वही केली असती तर, हा विचार अजून येतो. आणि हो, घरून परीक्षा देण्याची सोय आहे, पण गावातून देऊ नकोस. मधेच लाईन गेली तर फीचे पैसे हातून जाऊ शकतात.

कागदांचं एकच. पासपोर्ट काढला नसशील तर फॉर्म स्वतः भर. माझा तालुक्याच्या एका एजंटने भरला. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. त्याने ते सगळं एकाच रकान्यात कोंबलं आणि आडनावाचा रकाना कोरा ठेवला. मला काय कळणार, पासपोर्ट हातात आला याचाच आनंद. व्हिसावर माझं अख्खं नाव आडनाव म्हणून आलं आणि नावाच्या जागी आलं 'एफएनयू'. फर्स्ट नेम अननोन. नाव माहीत नाही. बँकेचं कार्ड, गाडीचं लायसन, पहिल्या पगाराचा चेक, सगळीकडे मी मिस्टर फनू. दवाखान्यात नर्स मोठ्याने तेच पुकारायची आणि मी उठायचो. आईबाबांनी बारशाला ठेवलेलं नाव कागदावर परत आणायला मला सहा वर्षं, चार प्रतिज्ञापत्रं आणि नवा पासपोर्ट लागला. तेव्हा जीआरईची नोंदणी करण्याआधी पासपोर्टचे दोन्ही रकाने डोळ्यांनी बघ. नोंदणीतलं नाव त्याच्याशी जुळावंच लागतं.

एकटं वाटतं का? वाटतं. पहिला हिवाळा जड जातो, मग कामात जातं. सगळ्यांचं जातं.

जे गेलेलं नाही, ते दुसरंच आहे. माझी मुलगी २०२२ मध्ये इथल्या शाळेत गेली. प्रवेशाच्या कागदांत एक फॉर्म असतो, त्यात भाषेचे तीन प्रश्न, घरी कोणती भाषा बोलता, मूल पहिल्यांदा कोणत्या भाषेत बोललं, असे. मी अभिमानाने तिन्ही जागी मराठी लिहिलं. त्यावरून तिची इंग्रजीची चाचणी घेतली आणि रोज अर्धा तास तिला वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत न्यायला लागले. नियमच तसा आहे, शिक्षिका मायाळू होती, कोणाचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. पण पाच वर्षांच्या पोरीला एवढंच कळलं की सगळे बसलेले असताना तिला उठवतात, आणि ते मराठीमुळे. दिवाळीपर्यंत ती घरात बायकोला म्हणायला लागली, "आई, इंग्लिशमध्ये बोल ना." मला पुन्हा पांढरकवड्याचं नेट कॅफे आठवलं. माझ्या इंग्रजीची फजिती माझ्या पोरीच्या वाट्याला का यावी, एवढंच डोक्यात बसलं. गेल्या वर्षी धाकटा शाळेत गेला तेव्हा तोच फॉर्म समोर आला, आणि मी तिन्ही जागी इंग्रजी लिहिलं. खोटं लिहिलं. मग ते खरं दिसावं म्हणून घरातही त्याच्याशी इंग्रजीच बोलायला लागलो.

आता रविवारी आई व्हिडिओवर येते. "काय करून राह्यला रे बापू?" म्हणते. तो बहिणीकडे बघतो. ती त्याला अर्थ सांगते, तो इंग्रजीत उत्तर देतो, ती ते आजीला मराठीत सांगते. मधे एकदा आईने कॅमेरा वावराकडे फिरवून त्याला कपाशीची पऱ्हाटी दाखवली, बोंडं फुटलेली. तो म्हणाला, "स्नो?" आई हसली. मी फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेलो.

तू गाईड विचारलंस आणि मी कुठे आलो. पण उद्या तुझ्यासमोर तो फॉर्म येईल तेव्हा सांगायला कोणी नसेल, म्हणून लिहिलं. खरं ते लिही. पोरगी अर्धा तास वेगळ्या खोलीत बसेल, वर्ष-दोन वर्षांत बाहेर येईल. माझी आली.

त्या शेवटच्या तीन आठवड्यांची वही आईकडे आहे. शंभर पानी, निळ्या कव्हरची, कपाटात खताच्या पावत्यांखाली. जुनं गाईडही तिथेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलंय, ते घेऊ नकोस. वही घे, गणिताच्या चुका तुझ्या कामी येतील. आमचं गाव पांढरकवड्यापासून नऊ किलोमीटर, वणीहून सकाळी निघालीस तर दुपारी परत जाशील. आईला मी सांगून ठेवतो. बाबा गेल्यापासून ती घरात एकटीच असते. चहा करेल, मग पोहे करेल, नाही म्हणू नकोस. थोडा वेळ बस तिच्याजवळ. दिवसाला किती शब्द होतात, ते तिला सांग.