मुलगी मराठी मीडियममधून यंदा एसएसएलसीला (कर्नाटकातली दहावी) आहे, आम्ही आईवडिलांनी काय तयारी करायची?

ताई, पहिलं म्हणजे कन्नडकडे बघा की. आपल्या बेळगाव भागात सगळे गणित सायन्सच्या ट्युशनमागं पळतात आणि कन्नड राहतंच, पण एकूण ६२५ मार्कांमधले १०० त्याचेपण आहेत, गणिताएवढेच! घरी कन्नड येत नसेल तर शेजारच्या अक्कांकडं रोज अर्धा तास बसवा, आमच्या पोराचं तसंच निभावलं. २०२४ पासून वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा असतात, त्यातले चांगले मार्क तेच धरतात, म्हणून पहिल्या पेपरला घरात सुतकी तोंडं नकोत. जातीचा, उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (गावाजवळचं सरकारी महसूल ऑफिस) आत्ताच काढून ठेवा, निकालानंतर गर्दी असते. पीयूसीला (अकरावी-बारावी) सायन्स घेणार असेल तर सगळं इंग्लिशमध्ये, सुट्टीत तेवढे शब्द पाठ करून घ्या.