लहानपणी खेळलेली आगगाडी नेमकी कोणती होती, हे कसं ओळखायचं? तशीच पुन्हा घ्यायची आहे.

रंगावरून शोधू नका, रंगांच्या बाबतीत आठवण फार फसवते. रूळ आठवा. दोन रुळांमधलं अंतर (म्हणजेच गेज) ३२ मिमी असेल तर ओ गेज, १६.५ असेल तर एचओ किंवा ओओ हे लहान गेज. मधोमध तिसरा रूळ होता का? मग लायोनेल कंपनीची, किंवा १९५९ च्या आधीची हॉर्नबी कंपनीची ‘डब्लो’ गाडी असण्याची शक्यता मोठी. तिसऱ्या रुळाऐवजी बारीक टिकल्यांची रांग आठवत असेल तर बहुतेक मार्कलिन कंपनीची. चावीच्या पत्र्याच्या गाडीवर कंपनीचं चिन्ह बऱ्याचदा छापलेलं सापडतं.

घेताना इंजिनाची चाकं आणि ओतीव भाग नीट तपासा. जस्त-मिश्रधातूच्या अशा जुन्या भागांना अनेकदा आतूनच तडे जातात आणि ते थांबवता येत नाहीत. मूळ खोकं मिळालं तर उत्तमच. आणि कृपा करून गाडी पुन्हा रंगवू नका!