पांढरे केस आणि विस्कटलेले केस: एकाच आरशातले दोन प्रश्न

“मॅडम, केस आता पांढरेच ठेवायचे, हे माझे ठरले आहे, पण आरशासमोर उभी राहिले की स्वतःकडे लक्ष नसलेली बाई समोर दिसते.” आषाढातल्या एका दुपारी, बँकेत नोकरी करणाऱ्या 54 वर्षांच्या एका ताईंनी खुर्चीवर नीट टेकण्याआधीच हे वाक्य उच्चारले. मी समुपदेशक आहे; केस पिकू लागलेल्या अनेक स्त्रिया हीच काळजी वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे मांडतात, म्हणून ताईंच्या संमतीने आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

ताई 16 वर्षे केस रंगवत होत्या. फाल्गुनात एका पार्लरमध्ये ‘हर्बल’ म्हणून लावलेल्या रंगानंतर दुसऱ्या दिवशी त्यांच्या पापण्या सुजल्या आणि कानांमागची त्वचा ओली होऊन चिघळली. त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट, म्हणजे संशयित द्रव्ये त्वचेवर चिकटवून ॲलर्जी तपासणारी चाचणी केली, तेव्हा काळ्या रंगांत सर्रास असणाऱ्या पॅराफेनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, या द्रव्याची ॲलर्जी असल्याचे निघाले. रंग तेथेच थांबला. मार्गशीर्षात मुलीचे लग्न होते आणि भांगाशी पांढऱ्या केसांची पट्टी दर महिन्याला रुंदावत होती.

बोलताना त्यांचा उजवा हात पुन्हा पुन्हा कपाळावरून मागे जाऊन केस चापून बसवत होता. थोड्या वेळाने त्यांनी पर्समधून बारीक दातांची फणी काढली. तिचे दोन दात मोडलेले होते आणि उरलेल्या दातांत केसांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे अडकले होते. मुळापासून गळालेले लांब केस त्यात फारसे नव्हते. आपले केस उडतात अशी त्यांची तक्रार होती, पण त्यांतले बरेचसे केस ओढून विंचरल्यामुळे मध्येच तुटत असावेत, असे ती फणी पाहून मला वाटले.

केसांविषयी जे जे बोलणे कानावर किंवा मनात येईल ते आठवडाभर वहीत जसेच्या तसे लिहून आणा, एवढेच मी त्यांना सांगितले. पुढच्या भेटीत वहीत 11 वाक्ये होती. “लग्नापुरता तरी रंग लाव” हे यजमानांचे, “एवढ्यात म्हातारी दिसायला लागलीस” हे जावेचे आणि “बरे नाही का तुम्हाला?” हे बँकेतल्या एका सहकाऱ्याचे. एक मुलीचे होते, त्याकडे मी पुढे येतेच. उरलेली 7 वाक्ये कोणीच बोलले नव्हते; ती ताईंनी आरशासमोर स्वतःलाच ऐकवली होती. आणि त्या सातही वाक्यांत ‘पांढरे’ हा शब्द नव्हता. ‘पिंजारलेले’, ‘अवतार’, ‘झिपऱ्या’ असे शब्द होते. ताईंनी वही दोनदा वाचली आणि म्हणाल्या, “म्हणजे मला पांढऱ्याचा त्रास नाहीच आहे.”

केसांचा रंग हा निर्णयाचा विषय आहे आणि केसांचा पोत हा निगेचा. ही गल्लत माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींची होते, कारण दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. केसाच्या मुळाशी रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू संपतात, म्हणून नवा केस रंगाविना उगवतो. त्याच वयात टाळूतून स्रवणारे तेलही कमी होते, स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतर हा फरक विशेष जाणवतो, आणि केस कोरडा व राठ लागतो. केसाच्या बाहेरच्या थरावर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. वर्षानुवर्षांच्या रंगाने आणि बारीक फणीने ते उचकटले की पावसाळी हवेतला ओलावा कुठे जास्त, कुठे कमी आत शिरतो, केस असमान फुगतो आणि वळतो, आणि सकाळी चापून बसवलेले केस बँकेत पोहोचेपर्यंत पुन्हा उभे राहतात. ताईंच्या सोसायटीत बोअरचे आणि टँकरचे पाणी येत असे. जड पाण्यातले क्षार केसांवर बसतात आणि खरखरीतपणात भर घालतात.

निगेचा क्रम आम्ही त्यांच्या त्वचारोगतज्ज्ञांना विचारून ठरवला. समुपदेशकाने औषधयोजना करू नये, हे मी कटाक्षाने पाळते. न्हाण्याआधी दोन तास खोबरेल तेल लावायचे. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे मुंबईतल्या संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सूर्यफूल तेल व खनिज तेल यांच्याशी तुलना करून दाखवले होते, तेव्हा आजीच्या या सवयीला चांगला आधार आहे. आठवड्यातून दोनदाच सौम्य शाम्पू, तोही टाळूपुरता. कंडिशनर मात्र मधल्या भागापासून टोकांपर्यंत. कंडिशनर केसांत असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून सुरुवात करून गुंता काढायचा. शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे. टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी जुन्या सुती पंचाने केस टिपायचे आणि ते दमट असतानाच तळहातावर दोन थेंब तेल चोळून वरवर हात फिरवायचा. रिठा आणि मेंदी ताईंनी आपणहून बंद केली, कारण दोन्हींनी केस कोरडे पडत होते आणि मेंदीने पांढऱ्या केसांना केशरी रंग चढत होता.

तीन आठवड्यांनी हात कपाळाकडे जाणे बरेच कमी झाले होते.

मग एका भेटीत मुलगी सोबत आली. वहीतले तिचे वाक्य होते, “आई, फक्त एकदाच, माझ्यासाठी.” ही मुलगी आपल्या दिवशी आई देखणी दिसावी एवढेच मागत होती आणि त्यात मला काही गैर दिसले नाही. परंतु ॲलर्जी एकदा जडली की ‘एकदाच’ हा पर्याय उरत नाही. पुढच्या वेळी सूज अधिक येऊ शकते. ‘अमोनिया नसलेला’ म्हणजे पीपीडी नसलेला, असा अर्थ होत नाही आणि ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांतही बहुधा पीपीडी मिसळलेले असते, हे मी तिला सांगितले. केस सरळ करणाऱ्या उपचाराविषयीही तिने विचारले. त्यांतल्या काहींत तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू बाहेर पडतो आणि ग्लायऑक्झायलिक आम्ल असलेल्या द्रव्यांनंतर मूत्रपिंडाला इजा झालेल्या रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत झाली आहे. ज्या बाईची त्वचा आधीच एका रसायनाने चिघळली, तिला हा धोका पत्करायला मी कधीही सांगणार नाही. मुलगी बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, “आई, मला तुझे पांढरे केस नको असे नाही ग. तू फोटोत दमलेली दिसतेस, ते बघवत नाही.” फाल्गुनापासून मायलेकी ज्या गोष्टीवर भांडत होत्या, ती केसांची नव्हतीच. लग्नाची सगळी यादी आई एकटी सांभाळत होती, आणि त्या दुपारी दोघींनी ती यादी माझ्या टेबलावर वाटून घेतली.

प्रश्न उरला दुरंगी केसांचा. केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे मार्गशीर्षापर्यंत पांढरा भाग फार तर 11 सेंटीमीटर होणार आणि कमरेपर्यंतची उरलेली लांबी काळीच राहणार. “सगळे कापून टाका” असे अनेक जणी सुचवतात. ताईंना ते मानवेना. “मुलीच्या लग्नात मी गजरा कशावर माळू?” असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मी हा प्रश्न क्षुल्लक मानला नाही. अखेर त्यांनी केस खांद्यापर्यंत कापून घेतले, रंगाने झिजलेली टोके गेली आणि आटोपशीर अंबाडा बसण्याइतकी लांबी शिल्लक राहिली. पुढे पांढरे, मागे काळा अंबाडा, आणि दोन रंग जिथे मिळतात तिथे शेवंतीची वेणी, असा बेत मुलीनेच आरशासमोर आईला उभी करून ठरवला.

पौषात ताई पुन्हा आल्या, त्या वेळी वही आणली नव्हती. मानेजवळचे पांढरे केस पिवळट दिसू लागले होते, त्याचे काय करावे, एवढेच त्यांना विचारायचे होते. ऊन, जड पाणी आणि पिवळसर तेलांचा थर यांमुळे असे होते, जांभळ्या रंगाचा शाम्पू आठवड्यातून एकदा थोडाच वेळ ठेवला तर तो पिवळेपणा झाकला जातो. मात्र त्याच्या बाटलीवरील घटकांची यादी आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, असे मी सांगितले. त्यांनी बाटलीचा फोटो तिथेच डॉक्टरांना पाठवला आणि पुढच्या भेटीची तारीख न घेता त्या निघाल्या.