पावसाचे मिलिमीटर बेरजेत घातले म्हणजे भूगोल होत नाही

मागच्या अंकात विचारलं होतं की गणित शाळेतल्या बाकीच्या विषयांना जोडताना नक्की कुठे अडतं. पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सॅपवर तर ढीगच आला, पण बरेचसे प्रश्न सारखेच होते म्हणून त्यातले पाच घेतलेत. नावं मुद्दामच छापली नाहीयेत, मुख्याध्यापकही मासिक वाचतात.

प्रश्न : मॅडम, मी सातारा जिल्ह्यात नववीला गणित शिकवते. नवीन शैक्षणिक धोरण आलं तसं आमच्याकडे टाचणवहीत (रोजच्या पाठाच्या नियोजनाच्या वहीत) एक रकाना वाढला, 'इतर विषयांशी समवाय', म्हणजे सांगड. तो रोज भरायचा. मी काय करते, उदाहरणात आंब्यांच्या जागी पाऊस घालते, झाला भूगोल. सैनिक घातले की झाला इतिहास. माझं मलाच ते खोटं वाटतं. खरा समवाय करायचा तरी कसा, आणि सिलॅबस संपवून?

तुम्हाला खोटं वाटतंय कारण ते खोटंच आहे. महाबळेश्वरचा पाऊस आणि वाईचा पाऊस यांची बेरीज करून कुठल्या भूगोलवाल्याला काय मिळणार आहे हो? मी एक साधी कसोटी लावते. त्या दुसऱ्या विषयाचा स्वतःचा असा प्रश्न आहे का, आणि गणित काढून घेतलं तर तो प्रश्न अडतो का? अडत असेल तर समवाय, नसेल तर रकाना. बी.एड.ला आपण समवाय हा शब्द पाठ केला तो १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमचा, म्हणजे गांधीजींच्या हातकामातून शिकवायच्या पद्धतीचा. तिथे मूल टकळीवर सूत कातायचं, मग किती कातलं, तासाला किती पडलं, मागच्या आठवड्यापेक्षा कमी का, हे हिशोब त्या कामातूनच निघायचे, कोणी वरून चिकटवत नव्हतं.

आता नववीचंच बघा. बालभारतीच्या २०१७ पासूनच्या पुस्तकात विज्ञानाचा पहिलाच धडा 'गतीचे नियम', म्हणजे जून-जुलैमध्येच पोरांना वेग-काळ आलेख काढावे लागतात, आणि गणित भाग २ मध्ये निर्देशक भूमिती आहे सातवं प्रकरण, ती येते कधी तर दिवाळीच्या पुढे. मग विज्ञानाचे सर स्टाफरूममध्ये म्हणतात 'तुमच्या पोरांना ग्राफ येत नाही' आणि आपण म्हणतो 'अजून शिकवलाच नाही', आणि हे दरवर्षी चालतं. दोघांची वार्षिक नियोजनं एकदा शेजारी ठेवून बघितली तर माझ्या मते अर्धा समवाय तिथेच होतो. अक्ष, बिंदू, चढ एवढंच ऑगस्टच्या आत घ्या, प्रकरण पूर्ण करायची गरज नाही.

आणि त्या धड्यात एक सोन्यासारखी जागा आहे. बस सेकंदाला ५ मीटर वेगाने चाललीय, १० सेकंदात एकसारखा वाढत वेग १५ झाला, तर ती गेली किती? आलेख काढला की रेषेखाली समलंब चौकोन दिसतो. समांतर बाजू ५ आणि १५, त्यांच्यातलं अंतर १०, क्षेत्रफळ १००, म्हणजे बस १०० मीटर गेली. पोरांनी हे सूत्र आठवीत घोकलेलं असतं, पण चौकोनाच्या क्षेत्रफळातून बसचं अंतर निघतं हे बघून वर्ग खरंच गप्प होतो. विज्ञानाच्या पुस्तकातलं गतीचं दुसरं समीकरणही याच क्षेत्रफळातून काढलंय. ते गणिताच्या तासाला काढा. सरांचा तास वाचतो, तुमचा समलंब चौकोन कामाला लागतो. अजून एक, पोरं एक्स-वाय दिसलं की रेष काढतात आणि टी-व्ही दिसलं की घाबरतात, तेव्हा तुमच्या तासालाही अधूनमधून अक्षांना काळ आणि वेग अशी नावं देत जा.

सिलॅबसचं म्हणाल तर रोज समवाय होतच नाही, कोणाच्याच वर्गात होत नाही. सत्रात दोन जागा खऱ्या धरा. बाकी दिवस रकान्यात काय लिहायचं ते तुम्ही आणि तुमचे मुख्याध्यापक बघून घ्या, मी काही बोलत नाही.

प्रश्न : मी मराठी शिकवते. वृत्तं शिकवायला घेतली की मुलं जांभया देतात. आमचे गणिताचे सर म्हणाले वृत्तात गणित आहे, मला वाटलं चेष्टा करतायत. खरंच काही आहे का?

चेष्टा अजिबात नाही. मला विचाराल तर शाळेतल्या सगळ्या जोड्यांमध्ये ही सगळ्यात अस्सल आहे आणि नेमकी हीच कोणी वापरत नाही.

गणांपासून सुरू करा. गण म्हणजे तीन अक्षरं, प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरु, मग गण आठच का, नऊ का नाहीत? दोन गुणिले दोन गुणिले दोन. हे मुलांना स्वतः मांडून बघू द्या, तुम्ही सांगू नका. मग 'यमाताराजभानसलगा' हे गण लक्षात ठेवायचं सूत्र फळ्यावर लिहा. यातली पहिली दोन अक्षरं य मा आणि शेवटची दोन ल गा, दोन्ही लघु-गुरुच. म्हणजे शेवटची दोन पुसून टाका आणि उरलेली आठ गोलात लिहा. आता कुठूनही सुरू करून सलग तीन वाचा, आठही गण बरोबर एकेकदा येतात, एकही राहत नाही, एकही दोनदा येत नाही. 'न' पासून सुरू केलं तर न स य, तिन्ही लघु, झाला न गण. आठ अक्षरांत आठ गण, याहून काटकसर शक्यच नाही. ज्याने हे सूत्र बांधलं त्याचं डोकं गणिताचंच असणार.

पण खरी गंमत मात्रावृत्तात आहे. लघुची एक मात्रा, गुरुच्या दोन. चार मात्रा किती प्रकारांनी भरता येतील? गग, गलल, लगल, ललग, लललल, म्हणजे पाच. तीन मात्रा तीन प्रकारांनी, दोन दोन प्रकारांनी, एक एका प्रकाराने. पाच मात्रांचे मुलांना काढायला सांगा, आठ येतील. १, २, ३, ५, ८. इथे कोणीतरी हुशार पोरगी ओरडतेच की मागच्या दोघांची बेरीज! पण थांबायचं नाही, का ते विचारायचं. ओळीचं शेवटचं अक्षर लघु असेल तर आधीच्या मात्रा एकने कमी, गुरु असेल तर दोनने कमी, आणि तिसरा पर्याय नाही. म्हणून मागच्या दोन संख्या मिळवायच्या. संपलं, एवढीच सिद्धता. हेच बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने छंदांच्या संदर्भात लिहून ठेवलंय, त्याच्याही आधी विरहांकाने, आणि फिबोनाचीचं पुस्तक आलं १२०२ मध्ये. त्याने सशांच्या जोड्या मोजल्या, आपल्याकडे कवितेच्या ओळी मोजत होते. (हे ऐकून लगेच 'सगळं आपल्याकडेच होतं' वर गाडी जायला लागली तर वेळीच ब्रेक मारा, तास वाया जातो.)

नववी-दहावीच्या मुलांना अजून एक पायरी पुढे न्यायची असेल तर पादाकुलक घ्या. १६ मात्रा, ८-८ वर यती, म्हणजे थांबा. नुसत्या १६ मात्रा भरायच्या १५९७ रीती आहेत, वरच्याच ओळीत सोळावी संख्या बघा. आठ मात्रा भरायच्या ३४, म्हणून आठवर थांबणाऱ्या ओळी ३४ गुणिले ३४, ११५६. मग उरलेल्या ४४१ कुठल्या? ज्यांत एक गुरु नेमका आठव्या-नवव्या मात्रेवर आडवा बसतो त्या. त्याच्या अलीकडे ७ मात्रा, पलीकडे ७ मात्रा, सात मात्रांच्या रीती २१, आणि २१ गुणिले २१ बरोबर ४४१. यती पाळायची म्हणजे काय सोडायचं हे इतकं स्वच्छ मला तरी व्याकरणाच्या तासाला कधी दिसलं नव्हतं. आणि हा तास तुम्ही आणि गणिताच्या सरांनी मिळून घ्या, त्यांना लघु-गुरु ओळखायला शिकवा आधी, बहुतेकांना जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरु होतं हे आठवत नसतं.

प्रश्न : मुलाला सातवीत 'गणित व इतिहास' असं प्रोजेक्ट आलंय. गूगल करून आर्यभटाचं चित्र चिकटवलं, तर टीचर म्हणाल्या वेगळं काहीतरी करा. काय करू? – एक पालक, नाशिक

टीचर बरोबर आहेत. इतिहास-गणित ही जोडी तशी जरा ओढूनताणूनच होते, पण कालगणनेत ती खरी आहे. शिवराज्याभिषेक ६ जून १६७४, शके १५९६. वजा करा, ७८. आता शिवजन्म १९ फेब्रुवारी १६३०, शके १५५१. वजा करा, ७९ येतात. एकाच्याच आयुष्यातल्या दोन तारखा आणि फरक वेगळा, का? कारण शकाचं वर्ष चैत्रात बदलतं आणि इंग्रजी वर्ष जानेवारीत, म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंत एकाचा फरक जास्त पडतो. हे चार्टवर दोन पट्ट्या काढून दाखवायला सांगा. शेजारी हा प्रश्नही लिहू दे: इ.स.पूर्व १० ते इ.स. १० किती वर्षं? सगळे २० म्हणतात, पण शून्य नावाचं वर्षच नाहीये म्हणून १९. संख्यारेषेवर मात्र शून्य आहे, तेवढा फरक मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिला की प्रोजेक्ट झालं. चित्र तुम्ही चिकटवू नका प्लीज.

प्रश्न : मी सोलापुरात भूगोल शिकवतो. अक्षांश-रेखांश मुलं पाठ करतात पण त्यांना ते नकाशावरच्या रेघा वाटतात. गणिताशी जोडून काही करता येईल का? खर्च शून्य पाहिजे.

सर, एक मीटरची सरळ काठी, ओळंबा आणि मीटरपट्टी. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास काठी सपाट जागेवर अगदी उभी करा (ओळंब्याने बघाच, डोळ्यावर विश्वास नको) आणि दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खुणेने मांडत जा. सगळ्यात आखूड सावली ती माध्यान्हाची. ती घड्याळात बाराला पडत नाही, आणि हाच तुमचा रेखांशाचा धडा, कारण आपलं घड्याळ चालतं ८२.५ अंशांवर आणि सोलापूर आहे साधारण ७५.९ वर, अंशाला ४ मिनिटं म्हणजे २६ मिनिटं मागे, त्यात तारखेप्रमाणे थोडी मिनिटं इकडे-तिकडे. बारा ते पाऊण एवढा वेळ धरा.

त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून काठीचं वरचं टोक आणि सावलीचं टोक जोडलं की काठीच्या वरच्या टोकाशी होणारा कोन हाच तुमचा अक्षांश. सोलापूर १७.७ अंशांच्या आसपास, त्याचा टॅन ०.३२, म्हणजे सावली साधारण ३२ सेंमी पडायला हवी. दहावीची मुलं टॅनवरून करतील. सातवी-आठवीला त्रिकोणमिती लागतच नाही, प्रमाण घेऊन त्रिकोण काढायचा आणि कोनमापकाने मोजायचा.

ओळखीची दुसरी शाळा असेल तर मजा दुप्पट. त्याच दिवशी कोल्हापुरात (१६.७ अंश) सावली ३० सेंमी आणि जळगावात (२१ अंश) ३८ च्या थोडी वर. कोनातला फरक ४.३ अंश. नकाशाच्या प्रमाणावरून दोन्ही गावांतलं फक्त उत्तर-दक्षिण अंतर काढा, ते ४७८ किमीच्या आसपास येतं. ४.३ अंशांना ४७८ तर ३६० ला किती? त्रैराशिक मांडलं की ४० हजार किमी, पृथ्वीचा घेर, शाळेच्या मैदानावरून. पण मुलांना आधीच सांगून ठेवा की सावलीत एक सेंटीमीटर चुकला तर अर्धा अंश चुकतो, म्हणजे घेरात दहा-बारा टक्क्यांचा गोंधळ. ३५ हजार आलं म्हणून प्रयोग फसला असं नाही, उलट चूक कुठून आली हे शोधण्यात अजून एक चांगला तास जातो. आणि गणिताच्या शिक्षकांना नुसतं बोलावू नका, त्यांना ओळंबा धरायला द्या.

प्रश्न : मी पीटीचा शिक्षक. या समवायात आम्हाला कोणी विचारतच नाही. आमचा ट्रॅक २०० मीटरचा आहे, बाहेरच्या लेनला किती पुढे उभं करायचं ते मी पुस्तकातून बघतो, पण ते ४०० मीटरच्या ट्रॅकचे आकडे असतात. अर्धे धरू का?

अर्धे नका धरू! दोन्ही बाजूला अर्धवर्तुळ असलेल्या ट्रॅकवर बाहेरच्या लेनचा पोरगा वळणावर जास्त पळतो आणि सरळ भागात सगळे सारखेच. लेन १ मीटर रुंद असेल तर त्याची त्रिज्या १ मीटरने मोठी, परीघ २ गुणिले पाय गुणिले १ ने मोठा, म्हणजे ६.२८ मीटर. आतली त्रिज्या वजाबाकीत उडूनच जाते, म्हणून ट्रॅक २०० चा असो की ४०० चा, पूर्ण फेरीला प्रत्येक लेन मागच्या लेनच्या ६.२८ पुढे. पुस्तकात ७ मीटरच्या पुढचे आकडे दिसतात ते १.२२ मीटर रुंद लेनचे आहेत, तेव्हा आधी तुमच्या लेन मोजा. दहावीची पोरं तुमच्या हाताखाली द्या, परिघाचं सूत्र त्यांना येतंच, चुना टाकायच्या आधी हिशोब त्यांच्याकडूनच करून घ्या, आणि आतली त्रिज्या विचारायला लागली तर सांगूच नका, बघू कोणाच्या लक्षात येतं. अर्धी फेरी, म्हणजे एकच वळण असेल तर ३.१४. सरळ रेषेतल्या शर्यतीला अर्थातच सगळे एकाच रेघेवर.