जीसीसी बिल्ड करताना मधीच 'किल्ड' आलं तर सोर्सला दोष देऊ नको

भाऊ, तू परभणीत बसून ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर जीसीसी (सी, सी++ चा कंपायलर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर) सोर्सवरून बिल्ड करायलास, मेकला (बिल्ड चालवणारी कमांड) जे ८ दिलंस, म्हणजे एकदम आठ कामं, दोन तासांनी 'सीसी१प्लस किल्ड' (सीसी१प्लस म्हणजे जीसीसीचा सी++ वाला भाग) म्हणून सगळं बंद पडलं, आणि आता सोर्स परत डाऊनलोड करू का म्हणून विचारायलास. नको करू. सोर्सला काहीच झालं नाही, रॅम संपली. डीमेसेज (सिस्टिमचे आतले मेसेज दाखवणारी कमांड) चालवून बघ, 'आउट ऑफ मेमरी' दिसलंच समज. जीसीसीमधल्या काही फाइली आपोआप तयार होतात अन् लई अवाढव्य असतात, तशा आठ एकदम लावल्या की ४ जीबीत कुठं मावणार. ४ जीबीची स्वॅप फाइल कर (रॅम कमी पडली की डिस्कवरची ही जागा वापरली जाते), जे २ वर ये आणि त्याच फोल्डरमधी परत मेक दे, झालेलं काम तो सोडून देतो.

वेळ एवढा का लागतो म्हणशील तर जीसीसी स्वतःच सी++ मधी लिहिलेला आहे, म्हणजे कंपायलर बनवायला आधी कंपायलर पाहिजे, दह्याला विरजण लागतं तसंच. स्टेज १ ला विरजण शेजारचं, म्हणजे सिस्टिममधला जुना कंपायलर (जीसीसी ११ ते १४ ला हा कमीत कमी ४.८ तरी लागतो, १५ पासून ५.४). त्यातून जो निघाला त्यानंच तोच सोर्स परत लावायचा, ती स्टेज २, आणि स्टेज २ वाल्यानं लावला की स्टेज ३. मग २ आणि ३ च्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) ताडून बघतो, त्या सारख्याच निघायला पाहिजेत, कारण तिथवर शेजारच्या विरजणाची चव गेलेली असते. फरक निघाला तर कुठंतरी घोळ आहे. ह्या तीन स्टेजलाच बूटस्ट्रॅप म्हणतात, कॉन्फिगरला डिसेबल-बूटस्ट्रॅप दिलं की हे सगळं टळतं, वेळ वाचतो, पण जुन्या कंपायलरवर मी तरी देणार नाही.

कॉन्फिगर (मेकच्या आधी बिल्डची सेटिंग करणारी स्क्रिप्ट) सोर्सच्या आत बसून केलं असशील तर मात्र ते फेकून दे, बाहेर वेगळं रिकामं फोल्डर करून तिथून चालव. जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी ह्या जीसीसीला लागणाऱ्या गणिताच्या लायब्ररी हाताने शोधत बसू नको, सोर्समधल्या कॉन्ट्रिब फोल्डरमधी डाऊनलोड-प्रीरिक्विझिट्स नावाची स्क्रिप्ट आहे, ती आणून देते. भाषा फक्त सी आणि सी++ ठेव, डिसेबल-मल्टिलिब दे (म्हणजे ३२ बिटच्या लायब्ररी बनवत नाही), नाहीतर ३२ बिटच्या हेडरवरून रडत बसतं. प्रीफिक्स, म्हणजे इन्स्टॉल करायची जागा, होम फोल्डरमधलाच दे, सिस्टिमच्या जीसीसीवर चढवायचं नाही म्हणजे नाही.

लाइटीचं तर तुला सांगायला नको. माझ्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती, मे महिन्यात रात्री लावून झोपलो आणि पहाटे लाइट गेली. परत मेक दिलं तर लिंक करताना भलताच एरर, अर्धा दिवस डोकं खाल्लं, शेवटी कळलं की लाइट गेली तेव्हा लिहिली जात असलेली एक ऑब्जेक्ट फाइल शून्य बाइटची राहिली होती आणि मेकला ती झालेलीच वाटत होती. तेवढी उडवली, चाललं.

इन्स्टॉल झाल्यावर तुझा प्रोग्राम 'जीएलआयबीसीएक्सएक्स नॉट फाउंड' म्हणाला तर घाबरू नको, तो अजून सी++ ची जुनीच लायब्ररी उचलायलाय, प्रीफिक्समधल्या लिब६४ चा पाथ एलडी लायब्ररी पाथमधी (लायब्ररी कुठं शोधायची ते सांगणारं व्हेरिएबल) टाक.